उंबऱ्याबाहेरचा बाप

आपल्या समाजात मूल जन्मले की बापाचे पहिले काम ठरलेले असते. बाळाला पुसून, कपड्यात गुंडाळून बाहेर आणतात आणि बाप, आजोबा किंवा मोहल्ल्यातील एखादे बुजुर्ग त्याच्या उजव्या कानात अजान व डाव्या कानात इकामत म्हणतात. मग गूळ-साखर वाटली जाते, सातव्या दिवशी अकीका होतो, नाव ठेवले जाते. या साऱ्या गोष्टींत बाप पुढे असतो. पण त्याआधीच्या त्या पाच-दहा-वीस तासांत, त्याची बायको कळा सोसत असताना, तो कुठे असतो? या प्रश्नाचे उत्तर आपण इतके गृहीत धरले आहे की प्रश्नच कधी विचारला जात नाही.

अलीकडे तो विचारला जाऊ लागला आहे. मोठ्या शहरांतील काही खासगी दवाखाने नवऱ्याला प्रसूतीच्या वेळी पत्नीजवळ थांबू देतात. पुण्या-मुंबईला नोकरीवर असलेला एखादा मुलगा आत थांबला, ही बातमी गावी पोचते तेव्हा गावाची प्रतिक्रिया सहसा सारखीच असते. म्हाताऱ्या बाया तोंडाला ओढणी लावतात, तरुण पोरे हसतात आणि कोणीतरी शहाणा माणूस निकाल देऊन टाकतो, "ही साहेबांची थेरं. आपल्या मजहबात हे बसत नाही."

वऱ्हाडात हिवरखेड नावाची एकाहून अधिक गावे आहेत. माझ्या डोळ्यांपुढे आहे ते अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याचे हिवरखेड. कापूस-सोयाबीनचा मुलूख, मिश्र वस्ती, मागे मेळघाटचा डोंगर. घरात उर्दूमिश्रित हिंदी आणि ओट्यावर वऱ्हाडी, अशा दोन भाषांत जगणारी आपली माणसे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. अशा गावातून पाहिले असता "आपल्यात हे बसत नाही" हा निकाल इतिहासाला कितपत धरून आहे, हे तपासण्याचा हा प्रयत्न आहे. बापाने आत जावे की बाहेर थांबावे, एवढ्यापुरता हा प्रश्न नाही. त्यामागे एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे.

घरातली जचगी

दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत खेड्यात जचगी घरातच होई. मागची, वारा न लागणारी खोली रिकामी केली जाई. दारावर गोधडी किंवा चादर टांगली जाई. आत बाजेजवळ सुईण, आई, एखादी अनुभवी मावशी किंवा शेजारीण. चुलीवर पाणी, शेकायला शेगडी. पुरुष ओट्यावर किंवा मशिदीत. "बाप्या माणसाचं इथं काय काम?" हे वाक्य सर्व जातीधर्मांच्या घरांत सारखेच ऐकू येई.

शिवाय पहिली जचगी माहेरी करण्याची रीत होती आणि आजही बऱ्याच अंशी आहे. ही रीत मराठी मुलखातल्या हिंदूंत आणि मुसलमानांत समान आहे. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाई. म्हणजे वऱ्हाडातला नवरा जचगीच्या खोलीत नव्हता एवढेच नाही, तो बहुधा त्या गावातही नव्हता. पोर झाल्याची खबर त्याला एखाद्या माणसाकरवी किंवा पोस्टकार्डाने मिळे. बाप पहिल्यांदा बाळाचे तोंड पाही ते कित्येक दिवसांनी.

या रीतीमागे शहाणपण होते. सासरी राबणाऱ्या पोरीला शेवटचे महिने आईच्या हाताखाली विसावा मिळावा, अवघड वेळी तिच्याजवळ तिची आई असावी, हा त्यातला हेतू. पण या रीतीला धर्माचा आधार शोधायला गेलो तर तो सापडत नाही. ती या मातीतली रीत आहे.

विटाळाचीही तीच गोष्ट. हिंदू शेजाऱ्यांत बाळंतपणाची सोयर दहा दिवस पाळली जाई आणि नाळ कापणारी सुईण बहुधा अस्पृश्य मानलेल्या जातीतली असे. घाण समजले गेलेले काम तिच्यावर सोपवलेले होते. इस्लाममध्ये बाळंतिणीला निफासच्या काळात, हनफी मतानुसार जास्तीत जास्त चाळीस दिवस, नमाज माफ आहे. रोजेही त्या काळात ठेवायचे नसतात, ते नंतर पुरे करता येतात. पण तिचा स्पर्श, तिचे भांडे, तिची खाट नापाक होत नाही. तरीही आपल्या काही घरांत बाळंतिणीचा पेला-थाळी वेगळी ठेवली जाते. ही शेजारधर्मातून आलेली सवय आहे आणि तिला आपण शरियतचे नाव देऊन बसलो आहोत.

किताबांत काय आहे?

मग किताबांत काय आहे? कुरआनात बाळंतपणाचे एक प्रत्यक्ष चित्र आहे, ते सूरा मरियममध्ये. वेदनांनी व्याकूळ झालेली मरियम एकटी खजुराच्या बुंध्याशी येते. याआधीच आपण मरून गेलो असतो तर बरे झाले असते, असे तिला वाटते. तेव्हा तिला आवाज येतो की दुःख करू नकोस, तुझ्या पायथ्याशी झरा आहे, बुंधा हलव, ताजी खजुरे पडतील, खा, पी आणि डोळे निववून घे. या प्रसंगात पुरुष नाही, सुईणही नाही. पण धीराचा शब्द, पाणी आणि खाणे या तीन गोष्टी तिला मिळतात. आपल्या धर्मग्रंथाने प्रसूतीच्या वेदनेकडे पाहिले ते असे. शिक्षा किंवा विटाळ म्हणून तिच्याकडे पाहिलेले नाही. एकट्या पडलेल्या बाईला धीर द्यायचा असतो, हे त्यात सांगितले आहे.

पैगंबरांच्या चरित्रात सुईणीचे नावही जपले गेले आहे. पुत्र इब्राहीम यांच्या जन्माच्या वेळी सुईण होत्या सलमा आणि पैगंबरांना जन्माची खबर दिली ती त्यांचे पती अबू राफे यांनी. पैगंबरांनी हसनच्या कानात अजान दिली, ही हदीस ज्यांच्याकडून आली ते हेच अबू राफे. म्हणजे आपण बापाचे पहिले काम मानतो त्या अजानची साक्ष एका सुईणीच्या नवऱ्याने दिलेली आहे.

दुसरी रिवायत हजरत उमर यांची. आपल्याकडच्या वाजांमध्ये ती अनेकदा सांगितली जाते, पण बहुधा खलिफांच्या साधेपणाचा दाखला म्हणून. रात्री गस्त घालताना मदिनेबाहेर त्यांना एक तंबू दिसला. बाहेर एक परका माणूस बसला होता आणि आतून कण्हण्याचा आवाज येत होता. बायको अडली आहे असे त्याने सांगितले. उमर यांनी विचारले की तिच्याजवळ कोणी आहे का? कोणी नव्हते. उमर घरी गेले, पत्नी उम्मे कुलसूम यांना घेऊन आले. पीठ, तूप आणि हंडी स्वतः उचलून आणली. उम्मे कुलसूम तंबूत गेल्या आणि खलिफा बाहेर त्या माणसाजवळ बसून चूल फुंकू लागले. धूर त्यांच्या दाढीतून निघत होता, असे रिवायतीत येते. मूल झाल्यावर आतून हाक आली की अमीरुल मोमिनीन, आपल्या सोबत्याला मुलगा झाल्याची खुशखबर द्या. तेव्हा कुठे त्या माणसाला कळले की आपल्यासाठी चूल फुंकणारा कोण आहे. मग शिजवलेले अन्न आधी आत, बाळंतिणीसाठी पाठवले गेले.

या रिवायतीत पुरुष तंबूबाहेरच आहेत, हे खरे. पण उमर यांचा पहिला प्रश्न पाहा. मुलगा होईल की मुलगी, हे त्यांनी विचारले नाही. तिच्याजवळ कोणी आहे का, एवढेच विचारले. आणि बाहेर थांबलेल्या पुरुषाने काय करावे तेही त्यांनी करून दाखवले. त्यांनी माणूस आणला, अन्न आणले, चूल पेटवली.

पुढच्या काळात फिकहच्या ग्रंथांनीही जचगी हा बायकांचा प्रांत मानला. हनफी कायद्यात जन्माच्या बाबतीत एकट्या सुईणीची साक्ष पुरेशी धरली गेली, कारण पुरुष तिथे सहसा नसतो, हे कायदेपंडितांना ठाऊक होते. चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने आपल्या मुकद्दिम्यात सुईणपणावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. मनुष्यवस्तीला आवश्यक असलेला हुन्नर म्हणून त्याने त्याचा सन्मान केला आणि तो बहुतांशी बायकांच्याच हाती का असतो याचे कारणही सतराच्या संदर्भात दिले. परक्या स्त्रीच्या शरीराकडे पाहण्याची मर्यादा हे ते कारण. मात्र नवरा-बायकोमध्ये ही मर्यादा नसते, हे कोणताही आलिम सांगेल. म्हणजे पुरुष बाहेर असे हे वर्णन खरे आहे. नवऱ्याने आपल्या बायकोजवळ थांबणे हराम आहे, असा त्याचा अर्थ काढता येत नाही.

दोन बादशाह

इतिहासाच्या पुस्तकांत बापांची नावे असतात, बाळंतिणींची क्वचित. तरी दोन प्रसंग आपल्यासाठी बोलके आहेत.

१५४२ च्या ऑक्टोबरमध्ये सिंधच्या वाळवंटातील उमरकोट येथे हमीदाबानूने अकबराला जन्म दिला. हुमायून त्या वेळी राज्य गमावून दारोदार फिरत होता आणि जन्माच्या काही दिवस आधीच उमरकोटहून पुढे निघाला होता. खबर त्याला छावणीत मिळाली. सरदारांना वाटायला त्याच्याजवळ काही उरले नव्हते. त्याचा सेवक जौहर लिहून गेला आहे की बादशाहाने कस्तुरीची एक नाफा फोडली आणि ती थोडी थोडी वाटली. ही कथा आपल्याला आवडते, कारण त्या मुलाची कीर्ती कस्तुरीसारखी पसरली. पण पळापळीच्या दिवसांत परक्या किल्ल्यात बाळंत झालेल्या, जेमतेम पंधरा वर्षांच्या हमीदाबानूचे त्या रात्री काय झाले असेल, याबद्दल कथा गप्प आहे.

दुसरा प्रसंग आपल्या अगदी जवळचा, सातपुड्याच्या पलीकडचा. बुऱ्हाणपूर हे शहर खानदेश आणि वऱ्हाडच्या लोकांना नवे नाही. खान जहान लोदीचे बंड मोडण्यासाठी शाहजहान दख्खनमध्ये उतरला होता आणि मुमताज महल गरोदर असूनही त्याच्यासोबत बुऱ्हाणपूरला होती. १७ जून १६३१ रोजी तिथे तिने गौहरआरा बेगमला जन्म दिला आणि त्यातच तिचा अंत झाला. तिचे वय ३८, हे तिचे चौदावे बाळंतपण. एकोणीस वर्षांच्या संसारातील चौदा मुलांपैकी सात जगली. वेणा सुमारे तीस तास चालल्या, असे सांगितले जाते. अखेरच्या घटकेला शाहजहानला तिच्याजवळ बोलावण्यात आले. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरते दफन केले गेले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचा जनाजा आग्र्याकडे निघाला.

पुढे जे उभे राहिले ते जगाला माहीत आहे. पण ताजमहालाकडे आपण बाळंतपणात गेलेल्या एका बाईची कबर म्हणून पाहत नाही. त्या काळी सम्राटाचे हकीम, दाया, दौलत, कशाचाच उपयोग झाला नाही, कारण अडलेल्या बाळंतिणीसाठी करण्यासारखे फारसे कोणाच्याच हाती नव्हते. मात्र त्या घटनेतून एक गोष्ट कळते. मोगल अंतःपुरासारख्या कडक पडद्यातही वेळ आली तेव्हा नवऱ्याला आत बोलावले गेले. फक्त ते निरोप घेण्यासाठी होते. आपल्या गावांतही बाळंतिणीच्या खोलीचे दार नवऱ्यासाठी बहुधा अशाच वेळी उघडले गेले.

जनाना दवाखान्याची भिंत

अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक आजही ‘डफरीन’ म्हणतात, तर अकोल्याच्या स्त्री रुग्णालयाला ‘लेडी हार्डिंग’. या दोन्ही नावांत जचगीचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. व्हाइसरॉयची पत्नी लेडी डफरीन यांनी १८८५ मध्ये हिंदुस्थानातील स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरवण्यासाठी एक निधी उभारला. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत, म्हणून स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टरांनी चालवलेले दवाखाने हवेत, हा त्यामागचा विचार. लेडी हार्डिंग याही पुढच्या काळातील व्हाइसरॉयच्या पत्नी. दिल्लीतील मुलींचे वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्याच नावाने १९१६ मध्ये सुरू झाले.

याच सुमारास आनंदीबाई जोशी अमेरिकेतून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेल्याचे दुःख त्यांच्या शिक्षणामागे होते आणि त्यांचा प्रबंधही प्रसूतिशास्त्रावरच होता. भोपाळच्या बेगमांनीही यात मोठा वाटा उचलला. शाहजहान बेगम यांच्या काळात तिथे लेडी लॅन्सडाउन यांच्या नावाने स्त्रियांचे रुग्णालय झाले आणि त्यांची कन्या सुलतान जहान बेगम यांनी दायांच्या प्रशिक्षणाला बळ दिले. मुसलमान राजघराण्यातील बायकांनी पडद्यात राहून हे केले, हे आपल्या मुलींना शाळेत सांगितले जात नाही.

जनाना दवाखान्याने अगणित जीव वाचवले, यात शंका नाही. पण त्याच्या बांधणीतच एक अट होती. तिथे पुरुषाला प्रवेश नव्हता. बायकांना दवाखान्यात आणायचे तर घरच्या पुरुषांना अशी खात्री द्यावीच लागत होती. परिणाम असा झाला की घरातला गोधडीचा पडदा दगडी भिंतीत बदलला. घरी निदान ओट्यावर बसून आतला आवाज ऐकू येत असे, पाणी-लाकूड आणून देता येत असे. दवाखान्यात बापाला फाटकाबाहेर, झाडाखाली बसावे लागले. पुढे सरकारी रुग्णालयांनी ही रीत तशीच उचलली. "पुरुषांना प्रवेश नाही" ही पाटी आपण धर्माची समजतो. तिच्यामागे आपला पडदा जितका आहे, तितकाच व्हिक्टोरिया राणीच्या काळातील सरकारी संकोचही आहे.

बदल झपाट्याने झाला तो अलीकडे. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० माता दगावतात, असा अंदाज होता. महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये सुमारे ६५ टक्के जचग्या दवाखान्यात होत, २०१९-२१ पर्यंत हे प्रमाण जवळपास ९५ टक्क्यांवर गेले. जननी सुरक्षा योजना, गावोगावच्या आशाताई आणि नेण्या-आणण्याची गाडी यांचा त्यात मोठा हात आहे. २०१८-२० च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते. हजारामागे वीस ते लाखामागे तेहेतीस, हा फरक दवाखान्याविना शक्य नव्हता. म्हणून "पूर्वी घरी सगळं छान होतं" या आठवणीत फार रमू नये.

पण या प्रवासात एक गोष्ट हरवली. घरच्या खोलीत बाईजवळ चार ओळखीची माणसे होती. दवाखान्यात ती दारातच थांबवली गेली. अनोळखी खोलीत, शेजारच्या टेबलावर दुसरी बाई ओरडत असताना, तरुण मुलगी एकटी पडली. उमर यांचा प्रश्न आजच्या दवाखान्याच्या दारातही विचारावा लागतो.

साहेबाच्या देशातही बाप बाहेरच

"ही साहेबांची थेरं" असे म्हणणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. साहेबाच्या देशातही बाप शतकानुशतके बाहेरच होता. इंग्रजीतला ‘गॉसिप’ हा शब्द एके काळी बाळंतिणीच्या खोलीत जमलेल्या बायकांसाठी वापरला जाई. त्यांच्या गप्पांवरून आजचा अर्थ आला. विसाव्या शतकात तिकडे जचग्या दवाखान्यात गेल्या, तेव्हा बापासाठी वेगळी बैठकीची खोली केली गेली. तिथे तो सिगारेटी ओढत येरझाऱ्या घाली.

बदल सुरू झाला दुसऱ्या महायुद्धानंतर. पॅरिसमध्ये फर्नांद लामाझ या डॉक्टरांनी १९५१ नंतर प्रसूतीच्या वेदना श्वासाच्या सरावाने आणि धीराने सुसह्य करण्याची पद्धत रुजवली. ती त्यांनी रशियात पाहिली होती. त्यांचा दवाखाना धातुकामगारांच्या संघटनेचा होता. म्हणजे सोबतीने बाळंत होण्याची ही रीत तिकडे आधी रुजली ती कामगारांच्या बायकांमध्ये. अमेरिकेत रॉबर्ट ब्रॅडली यांनी १९६५ मध्ये नवऱ्याने प्रसूतीत कशी साथ द्यावी यावर पुस्तकच लिहिले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिकडचे दवाखाने बापासाठी उघडले.

मात्र तिकडेही सर्वांचे एकमत नाही. मिशेल ओदाँ या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाने असे मत मांडले होते की घाबरलेला पुरुष जवळ असला तर त्याची भीती बाळंतिणीला लागते आणि प्रसूती रेंगाळते. आपल्या म्हाताऱ्या सुईणींचेही हेच म्हणणे असे. ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जबरदस्तीने आत उभा केलेला, रक्त पाहून चक्कर येणारा नवरा कोणाच्याच उपयोगाचा नाही.

पडद्याच्या आत

शास्त्राने आता काय सांगितले आहे? २०१७ साली १७ देशांतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. प्रसूतीच्या काळात ज्यांच्याजवळ सतत कोणीतरी धीर देणारे माणूस होते, त्यांची प्रसूती नैसर्गिक होण्याचे प्रमाण अधिक आढळले, वेळ कमी लागला आणि सिझेरियन कमी झाले. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक बाळंतिणीला तिच्या पसंतीचा सोबती मिळावा, अशी शिफारस केली. यात ‘तिच्या पसंतीचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

आपल्या सरकारनेही २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत प्रसूतिसोबती ठेवण्याची मुभा दिली आणि २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात ती प्रसूतिगृहाच्या दर्जाचा भाग केली. सोबती म्हणून नात्यातील स्त्री, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली, असावी असे त्यात म्हटले आहे. आणि जिथे प्रसूतिगृहात खासगीपणाची व्यवस्था असेल तिथे पतीलाही सोबती होता येईल, अशी तरतूद आहे. सोबत्याचे कपडे स्वच्छ असावेत, त्याला संसर्गजन्य आजार नसावा, त्याने शेवटपर्यंत थांबावे, डॉक्टर-नर्सच्या कामात ढवळाढवळ करू नये आणि दुसऱ्या बाळंतिणींकडे जाऊ नये, या अटीही आहेत.

आता हा नियम हिवरखेडसारख्या गावात आणून पाहू. एका मोठ्या खोलीत दोन-तीन टेबले, मध्ये पडदा असेल-नसेल. तिथे एकीचा नवरा आत आला तर दुसरीच्या अब्रूचे काय? ही हरकत खरी आहे आणि ती फक्त मुसलमान बाईची नाही. कोणत्याही जातीची बाई हेच म्हणेल. म्हणून बापाला आत येऊ द्या, ही मागणी करण्याआधी प्रत्येक टेबलाभोवती पुरा पडदा आणि भिंत हवी, ही मागणी करावी लागते. आपल्या समाजाने पडद्याबद्दल इतकी वर्षे इतके बोलून झाले. जिथे पडदा बाईच्या हक्काचा आहे, त्या प्रसूतिगृहातला पडदा मात्र आपण कधी मागितला नाही.

नवरा आत असण्याचे एक उदाहरण आपल्याच डोंगरात आहे. मेळघाटातील बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य वेचले. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. स्मिताताईंचे बाळंतपण शहरात न नेता बैरागडच्या घरीच रवींद्र यांनी स्वतः केले. नंतर बाळ गंभीर आजारी पडले आणि अकोल्याला हलवा असा आग्रह झाला. तेव्हा गावातल्या इतर बाळांवर होतो तोच उपचार याच्यावर होईल, असे आईने ठरवले. बाळ वाचले. हा नवरा डॉक्टर होता, त्यामुळे कोणी याचे अनुकरण करू नये. पण या गोष्टीत निर्णय बाईचा होता आणि नवरा तिच्या निर्णयाबरोबर उभा होता. बाकीच्यांनी घेण्यासारखे आहे ते हे.

बापाचे काम

मग हिवरखेडच्या बापाने काय करावे? त्याला रजा नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा नव्वदच्या दशकापासून आहे. कपाशी वेचणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या, गॅरेजात काम करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. बायको दवाखान्यात असेल तर त्याची मजुरी बुडते. त्याची हजेरी लागते ती बहुधा आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि संमतीपत्रावरच्या सहीपुरती. खरे तर सज्ञान रुग्णाची संमती ही तिची स्वतःची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले आहे. तरीही बाई स्वतः शुद्धीवर असताना "नवरा कुठं आहे, सही हवी" ही हाक दवाखान्यात ऐकू येतेच. सहीसाठी नवरा हवा आणि सोबतीसाठी नको, अशी ही उफराटी रीत आहे.

मातामृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या थॅडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये तीन उशिरांचा सिद्धांत मांडला. दवाखान्यात जायचे हे ठरवण्यातला उशीर, पोचण्यातला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला उशीर. दुसरा आणि तिसरा उशीर सरकारचा. अकोल्याहून अकोटमार्गे खांडव्याकडे जाणारी, हिवरखेडला थांबणारी छोटी गाडी २०१७ मध्ये रूळ रुंद करण्यासाठी बंद झाली, तेव्हापासून गावाची भिस्त रस्त्यावर आणि गाड्यांवरच राहिली. त्याबद्दल आपण मोर्चे काढू शकतो. पण पहिला उशीर घरातला असतो. "अजून थोडं थांबू", "आई काय म्हणते पाहू", "पैसे आल्यावर जाऊ", ही वाक्ये पुरुषांची असतात किंवा पुरुषांच्या नावावर बोलली जातात. पायांवर सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावर रक्त जाणे, पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांतले काहीही दिसले तर पंचाची वाट न पाहता निघायचे असते. हे सासूइतकेच बापालाही माहीत असायला हवे. आशाताई घरी येते तेव्हा तो ओट्यावर उठून जातो. त्याने बसून ऐकले पाहिजे. रक्तगट कोणता, गाडी कोणाची, रात्री कोणाला फोन करायचा, रक्त कोण देणार, हे नवव्या महिन्याच्या आधी त्याला पाठ हवे.

कळा सुरू झाल्यावर आत कोणी थांबायचे, हे मात्र तिला विचारावे. तिला आई हवी असेल तर आई, मावशी हवी असेल तर मावशी. नवरा हवा असे ती म्हणाली आणि दवाखान्यात पडद्याची सोय असली, तर त्याने संकोच बाजूला ठेवून तिच्या उशाशी बसावे, पाणी द्यावे, पाठ चोळावी. त्यात मजहबाला बाधा येत नाही आणि मर्दानगीलाही नाही. ती नको म्हणाली तर दाराबाहेर थांबावे, पण चहाच्या टपरीवर नाही, हाकेच्या अंतरावर.

हे व्हायचे तर बोलणे सुरू झाले पाहिजे. निकाहाच्या वेळी मेहेर, दागिने, जेवणावळ यांची चर्चा होते, पहिल्या जचगीची कधी होत नाही. जुम्याच्या बयानात उमर यांची रिवायत सांगणाऱ्या मौलानांनी त्यातल्या चुलीइतकेच त्या प्रश्नाबद्दलही बोलावे. गावच्या नगरसेवकांनी, तरुण मंडळांनी, महिला बचत गटांनी एकत्र येऊन तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज द्यावा की प्रसूतिगृहात प्रत्येक टेबलाला पडदा लावा, सोबत्याला बसायला एक खुर्ची द्या आणि २०१६ चा सोबतीचा नियम मराठी आणि उर्दूत दारावर लिहा. यासाठी फार मोठा निधी लागत नाही. अर्जावर पहिल्या सह्या मात्र बापांच्या असाव्यात.